रॉक कॉन्सर्टांचे जुने चित्रीकरण व जतन

१९६० व १९७०च्या दशकांत ब्रिटन, अमेरिका आणि युरोपात झालेल्या रॉक कॉन्सर्टांचे फिल्मवर किंवा व्हिडिओ टेपवर झालेले चित्रीकरण आणि त्यातून आज उरलेला साठा. त्या काळातले बहुतेक कॉन्सर्ट कॅमेऱ्यासमोर आलेच नाहीत. जे आले, त्यांतले काय वाचले हे कलावंताच्या प्रसिद्धीपेक्षा चित्रीकरण कोणी, कशासाठी आणि कशावर केले यावर ठरले.

सिनेमासाठी फिल्मवर टिपलेले कार्यक्रम सर्वांत चांगले टिकले. जून १९६७चा कॅलिफोर्नियातील माँटरे महोत्सव डी. ए. पेनेबेकर यांनी १६ मिमी फिल्मवर टिपला. जिमी हेंड्रिक्सने पेटवलेली गिटार त्यात आहेच, पण चित्रपटाचा शेवटचा मोठा भाग पंडित रविशंकर यांची सतार आणि उस्ताद अल्लारखाँ यांचा तबला यांना दिलेला आहे. ऑगस्ट १९६९च्या वुडस्टॉकवरील चित्रपटाला ऑस्कर मिळाले. तरी तो म्हणजे संपूर्ण वुडस्टॉक नव्हे. नील यंगने स्वतःचे चित्रीकरण करू दिले नाही. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या बँडचे चित्रीकरण झाले होते, पण मूळ चित्रपटात ते आले नाही.

१६ मिमीचे ४०० फुटी रीळ जेमतेम ११ मिनिटे चाले. रीळ बदलेपर्यंत गाणे थांबत नसे, म्हणून चित्रात खिंडारे पडत. लेड झेपेलिन या ब्रिटिश बँडच्या १९७३च्या न्यूयॉर्कमधील कॉन्सर्टांतली अशी खिंडारे पुढच्या वर्षी इंग्लंडमधल्या शेपर्टन स्टुडिओत, तसाच रंगमंच उभारून, पुन्हा चित्रीकरण करून बुजवली गेली. मधल्या काळात केस कापलेल्या जॉन पॉल जोन्स या बँडच्या वादकाला त्यासाठी केसांचा टोप घालावा लागला. बीटल्सच्या १९६५च्या शे स्टेडियममधील चित्रपटासाठीही काही ध्वनिमुद्रण नंतर लंडनमध्ये नव्याने केले होते. एखादा कॉन्सर्ट ‘उपलब्ध आहे’ असे म्हणताना हे ध्यानात ठेवावे लागते.

खरा नाश झाला तो दूरचित्रवाणीच्या टेपांचा. अँपेक्स कंपनीने १९५६मध्ये आणलेली दोन इंची टेप महाग होती, आणि पुसून पुन्हा वापरता येत होती. पुनःप्रक्षेपणाची फारशी शक्यता नसलेला गाण्यांचा कार्यक्रम सांभाळावा, असे कोणालाच वाटले नाही. बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’चे पहिल्या दशकातले बहुतेक भाग असेच गेले. १६ जून १९६६ रोजी बीटल्स त्या कार्यक्रमाच्या स्टुडिओत प्रत्यक्ष आले होते. त्या प्रक्षेपणाची, एका प्रेक्षकाने घरच्या टीव्हीवरून ८ मिमी कॅमेऱ्याने टिपलेली ११ सेकंदांची मूक फिल्म २०१९मध्ये उजेडात आली. जानेवारी १९७३मधील डेव्हिड बोवीचे ‘द जीन जिनी’ हे गाणे वाचले ते कॅमेरामन जॉन हेन्शॉल यांच्यामुळे. त्यांनी स्वतःसाठी एक प्रत करून घेतली होती आणि २०११मध्ये ती पुढे आली. संस्थेने पुसले आणि एका माणसाने राखले, हे या इतिहासात वारंवार दिसते. याउलट जर्मनीतल्या रेडिओ ब्रेमेनने ‘बीट-क्लब’ आणि डब्ल्यूडीआर या तिथल्याच प्रसारणसंस्थेने ‘रॉकपालास्ट’ हे संगीताचे कार्यक्रम जपले. त्या काळातल्या अनेक ब्रिटिश बँडांचे आज दिसणारे चांगले चित्रण त्यामुळेच जर्मन आहे.

तिसरा साठा अनपेक्षित आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे विंटरलँड आणि न्यू जर्सीतील पसेकचे कॅपिटॉल थिएटर येथे सभागृहाची स्वतःची व्हिडिओ यंत्रणा होती. चित्र कृष्णधवल आणि अंधूक, पण कार्यक्रम पुष्कळदा सलग. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा सप्टेंबर १९७८चा पसेकमधला कॉन्सर्ट पाहताना मात्र त्या अंधूकपणाचे काही वाटत नाही. शिवाय प्रेक्षकांनी चोरून टिपलेली सुपर ८ ही घरगुती कॅमेऱ्याची फिल्म आहे: एका काडतुसात तीनेक मिनिटे, बहुधा मूक. चाहते ती कोणीतरी कॅसेटवर घेतलेल्या ध्वनीशी सुराबरहुकूम जुळवतात. हे काम अतिशय चिकाटीचे आहे.

चित्रीकरण आहे, पण दशकानुदशके बाहेर आलेच नाही, असेही घडले. मरे लर्नर यांनी टिपलेल्या १९७०च्या इंग्लंडमधील आइल ऑफ वाइट महोत्सवाचा चित्रपट पैशाअभावी १९९०च्या दशकापर्यंत रखडला. वुडस्टॉकच्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कमधल्या हार्लेम भागात झालेल्या महोत्सवाचे हॅल टुल्चिन यांनी सुमारे ४० तासांचे चित्रीकरण केले. स्लाय अँड द फॅमिली स्टोन हा बँड त्यात होता. कृष्णवर्णीयांच्या या महोत्सवात वाहिन्यांनी रस घेतला नाही आणि टेपा जवळजवळ ५० वर्षे तळघरात पडून राहिल्या. त्यांवरचा चित्रपट २०२१मध्ये आला. टुल्चिन २०१७मध्येच वारले होते.

मूळ फिल्म शाबूत असेल तर आजही तिच्यातून ४के दर्जाचे चित्र काढता येते. टेपमध्ये मात्र त्या काळच्या टीव्ही-चित्राच्या ५२५ किंवा ६२५ आडव्या रेषांपलीकडे काही नसते. शिवाय १९७०च्या दशकातल्या बऱ्याच टेपांचे बंधनद्रव्य (चुंबकीय थर पट्टीला धरून ठेवणारे द्रव्य) ओल शोषून चिकट होते. मंद उष्णतेत तापवल्यावर त्या थोडा काळ चालतात, तेवढ्यात प्रत काढावी लागते. दोन इंची टेप वाचणारी चालू यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे तंत्रज्ञ दोन्ही दुर्मीळ होत चालले आहेत. म्हणून संग्रहालयांनी फिल्मच्या डब्यांआधी या टेपांच्या डिजिटल प्रती काढणे निकडीचे आहे.