खिट्टीच्या जागी मोटार

खानापूर, निपाणीकडच्या खेड्यांत किंवा बेळगावच्या वडगाव-शहापुरात पन्नाशी ओलांडलेल्या पोलिओग्रस्तांना कॅलिपर काय असतो हे सांगावं लागत नाही. पायाच्या दोन्ही अंगांना धातूच्या पट्ट्या, चामड्याचे पट्टे, खाली जड बूट आणि गुडघ्याशी खिट्टी. उभं राहिलं की ती पाडायची, बसताना उचलायची. माझ्या आत्यानं कॅलिपरवर चाळीस वर्षं काढली आहेत. खट् असा आवाज आला की आत्या उठली, हे घरभर कळतं. गुडघा वाकत नाही म्हणून पाय कमरेतून फेकावा लागतो आणि तिची सगळी ताकद तिथंच जाते. अंगावर चढवून अधू माणसाला चालवणारा रोबो म्हणजे मुळात हाच कॅलिपर. खिट्टीच्या जागी मोटार आली, एवढंच.

ती यायला फार वेळ लागला. १८९० साली रशियातल्या निकोलस याग्न यांनी चालण्या-धावण्याला जोर देणाऱ्या साधनाचं पेटंट घेतलं, पण ते धडधाकटांसाठी होतं. १९६५ च्या सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीनं अंगावर चढवायचा ‘हार्डिमन’ करायला घेतला, तोही ओझी उचलायला. सुमारे ६८० किलोंचा हा सांगाडा अख्खा एकदम सुरू केला की बेफाम हलायचा. शेवटी त्याचा एक हात तेवढा ताब्यात आला.

रुग्णाकडे वळलं ते बेलग्रेड. तिथल्या मिहाइलो पुपिन संस्थेत मिओमिर वुकोब्रातोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून लुळ्या पडलेल्या पायांसाठी हवेच्या दाबावर चालणारे सांगाडे बनवले. पाय हलवणं त्यामानानं सोपं होतं, खरी अडचण होती तोल सांभाळण्याची. त्यासाठी वुकोब्रातोविच यांनी मांडलेलं गणित पुढे दोन पायांच्या यंत्रमानवांना उपयोगी पडलं. माणसासाठी केलेला विचार यंत्रांना आधी लाभला, याचं मला वाईट वाटतं.

मग जपानमध्ये योशियुकी सांकाई यांचा ‘हाल’ (HAL) नावाचा सांगाडा आला. तो कातडीवरून स्नायूंचे विद्युत संकेत टिपतो. इस्रायलचे अमित गोफर १९९७ च्या अपघातानंतर खुर्चीला खिळले आणि त्यांनी ‘रीवॉक’ घडवला. अंग पुढे कललं की तो पाऊल टाकतो. मात्र तोलासाठी हातात कुबड्या लागतातच. गोफर यांच्या हातांत तेवढं बळ नव्हतं, म्हणून स्वतःचंच यंत्र त्यांना वापरता आलं नाही. जून २०१४ मध्ये अमेरिकेनं रीवॉकला घरगुती वापराची परवानगी दिली. त्याच वर्षी मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त ठरला होता.

आत्याला मी रीवॉकचा व्हिडिओ दाखवला. तिनं तो दोनदा पाहिला आणि विचारलं, “हे घालून खाली जेवायला बसता येतं काय रे?” येत नाही. ते यंत्र खुर्चीवर बसवतं आणि खुर्चीवरूनच उठवतं. आत्यानं खिट्टी उचलली आणि ती पाटावर बसली.