कलमदानावरचं आकाश हिरवं का?

इराणी कलमदानांवरची जुनी चित्रं जवळून पाहिली की एक गोष्ट खटकते. गुलाब लाल आहेत, बुलबुल तपकिरी आहे, पण आकाश हिरवट आणि माणसांचे गोरे चेहरे पिवळट. चित्रकारानं ते तसे रंगवले नव्हते. दीड-दोनशे वर्षांत वरच्या रोगणानं हा बदल घडवला. ज्या सोनेरी झाकेचं आपण कौतुक करतो, ती बरीचशी रसायनशास्त्राची करणी आहे.

कलमदान म्हणजे मुन्शी, कारकून आणि सुलेखनकार कमरेच्या शेल्यात खोचत ती डबी. साधारण २०-२५ सेंटीमीटर लांब, ३-४ सेंटीमीटर रुंद, दोन्ही टोकं गोलसर. बाहेरच्या खोळीतून आतला कप्पा सरकत बाहेर येतो. त्यात बोरू, ते तासायचा चाकू, बोरूचं टोक टेकवून छाटायची हस्तिदंती पट्टी, कात्री, शाईत पाणी घालायचा चिमुकला चमचा आणि छोटी दौत. दौतीत रेशमी धाग्यांचा गुंता भरलेला असे. त्यामुळे डबी कलंडली तरी शाई सांडत नसे आणि बोरूच्या टोकाला बेताचीच शाई लागे. या एका युक्तीसाठी मी त्या कारागिरांना चित्रांइतकेच गुण देईन.

डबी लाकडी वाटते, पण असते कागदाची. साच्याला साबण लावायचा, म्हणजे डबी सुटून येते. मग खळीत भिजवलेल्या कागदाचे थर किंवा लगदा चढवायचा, वाळवायचा, घासायचा. त्यावर खडूचा पांढरा हात, पुन्हा घोटाई, आणि मग डिंकात कालवलेल्या रंगांनी चित्र. हे रंग पाण्यात विरघळणारे. घामट बोटांनी दिवसातून दहा वेळा हाताळली जाणारी वस्तू अशा रंगांनी रंगवायची, तर वर चिलखत हवंच.

या कामाला सर्रास लॅकर म्हणतात. चीन-जपानच्या लॅकरशी मात्र त्याचं नातं फक्त चकाकीपुरतं. तिथलं लॅकर म्हणजे एका झाडाचा चीक. त्यातलं उरुशिऑल लॅकेझ नावाच्या विकराच्या मदतीनं घट्ट होतं, आणि त्यासाठी हवेत ७०-८० टक्के आर्द्रता लागते. इस्फहानमध्ये ना ते झाड, ना तो दमटपणा. वर्षाचा पाऊस जेमतेम शे-सव्वाशे मिलिमीटर. इराणी कारागिरांनी वेगळी वाट धरली: जवसाच्या तेलात सँडरॅक नावाची राळ आटवून रोगण करायचं. ही राळ सायप्रसच्या कुळातल्या, उत्तर आफ्रिकेत वाढणाऱ्या एका झाडाची. सोळाव्या शतकाच्या अखेरीस चित्रकार सादिकी बेग यानं चित्रकलेवर जे पद्य लिहिलं, त्यात रोगणाची कृतीही आहे. तापलेलं तेल आणि राळ म्हणजे पेट घ्यायला तयार असलेलं मिश्रण, त्यामुळे हे काम जोखमीचंच.

जवसाचं तेल सुकतं ते बाष्प होऊन नव्हे. त्याच्या रेणूंतले दुहेरी बंध हवेतला ऑक्सिजन पकडतात, शेजारच्या रेणूंशी जोडले जातात आणि द्रवाचं जाळं बनतं. म्हणून सुकताना त्याचं वजन घटण्याऐवजी आधी वाढतं. करडई तेलाच्या बाटलीवर ओघळ राहिला की काही दिवसांनी साबणालाही दाद देत नाही, तीच ही क्रिया. राळेमुळे या जाळ्याला कडकपणा आणि झळाळी येते.

झळाळीमागे साधं प्रकाशशास्त्र आहे. कोरड्या रंगाच्या कणांमध्ये हवा असते. हवेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकवतो याचं माप, १; कणांचा दीड किंवा त्याहून अधिक. या फरकामुळे प्रकाश जागोजागी विखुरतो आणि रंग फिकट, खडूसारखा दिसतो. रोगणाचा अपवर्तनांक साधारण १.५. ते कणांमधल्या फटी भरतं, विखुरणं कमी होतं आणि रंग एकदम खोल होतो.

पण ऑक्सिजनचं काम डबी सुकल्यावर थांबत नाही. वर्षानुवर्षं रोगणात असे रेणू तयार होत राहतात जे निळा प्रकाश शोषतात. निळा वजा झाला की पांढरं पिवळं दिसतं आणि निळं हिरवं. मग पिवळं रोगण पुसून टाकावं का? युरोपियन तैलचित्रांवर ते करता येतं. इथे ते धोक्याचं, कारण कारागीर थर आलटून पालटून देत: रंग, रोगण, त्यावर सोन्याच्या बारीक रेषा, पुन्हा रोगण. रोगण काढायला गेलात तर चित्राचा अर्धा भाग बोळ्यावर येईल. शिवाय जाळं झालेलं तेल विरघळवायला जहाल द्रावक लागतात, आणि खालच्या डिंकाच्या रंगांना पाणीही वर्ज्य. मला विचाराल तर हिरवं आकाश तसंच राहू द्यावं.

ही विद्या पूर्वेकडेही आली. काश्मिरी कागदकामाला एके काळी कार-ए-कलमदानी म्हणत. आपल्या सावंतवाडीचा गंजिफाही मुळात इराणी वळणाचा पत्त्यांचा खेळ. तिथल्या चकत्यांवर चकाकी येते ती मात्र लाखेची, म्हणजे किड्यांच्या स्रावाची. ती रसायनाची तिसरीच तऱ्हा.

इराणच्या सफवी राजवटीतला, सतराव्या शतकातला मोहम्मद जमान, अठराव्या शतकातला अली अश्रफ, एकोणिसाव्या शतकातला नजफ अली ही या कलेतली मोठी नावं. सही करताना ते अनेकदा नाव सरळ न लिहिता एखाद्या धार्मिक ओळीत गुंफत. जमान ‘या साहिब अज्‌-जमान’ (हे काळाच्या स्वामी) लिहून मोकळा होई. अशी ओळ पुढच्या कुणालाही उचलता येते, आणि ती उचललीही गेली. म्हणून सहीपेक्षा रंग अधिक विश्वासू साक्षीदार. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द दगडापासून केलेल्या निळ्या रंगाऐवजी कारखान्यात बनलेला निळा रंग, अल्ट्रामरीन, १८२० च्या दशकाच्या अखेरीस आला. जमानच्या नावाच्या डबीत तो अगदी तळच्या थरात सापडला, तर डबीच नंतरची. नुसत्या वरच्या थरात सापडला, तर कुणीतरी मागाहून डागडुजी केली आहे, आणि खालचं काम अजूनही जमानचं असू शकतं.