लसीची भीती व्हॉट्सॲपच्याही खूप आधीची आहे

पालक मुलांना लस द्यायला कचरतात आणि सगळा दोष फॉरवर्ड्सना दिला जातो, पण ही भीती लसीइतकीच जुनी आहे. १७९६ मध्ये एडवर्ड जेन्नरने देवीच्या रोगापासून वाचवायला ८ वर्षांच्या मुलाला गायींना होणाऱ्या देवीचा पू टोचला आणि १८०२ मध्येच लंडनमध्ये लस घेतलेल्यांच्या अंगातून गायी बाहेर पडतायत असं व्यंगचित्र छापून आलं. आपण हसतो, पण तेव्हा एका मुलाच्या दंडावरच्या फोडातून काढून दुसऱ्याला टोचायचे, त्यातून कधीकधी सिफिलिस हा गुप्तरोगही जायचा, म्हणजे घाबरणारे अगदीच वेडे नव्हते.

इंग्लंडने १८५३ मध्ये तान्ह्या बाळांना ही लस सक्तीची केली, १८६७ मध्ये कायदा अजून कडक केला, मग एकाच मुलासाठी परत परत दंड व्हायला लागला, आणि ज्यांना दंड परवडायचा नाही त्यांचं सामान जप्त व्हायचं नाहीतर थेट तुरुंग. १८८५ मध्ये लेस्टरला हजारो लोकांचा मोर्चा निघाला. शेवटी १८९८ मध्ये सरकार नमलं, मनापासून विरोध असलेल्या पालकांना सूट दिली, आणि त्याच कायद्यात एका मुलाच्या हातातून काढून दुसऱ्याला टोचणं पण बंद केलं. माझ्या मते हे दुसरं जास्त महत्त्वाचं, कारण लोकांच्या तक्रारीत जेवढं खरं होतं तेवढं तरी निस्तरलं गेलं.

१९५५ मध्ये अमेरिकेत पोलिओच्या लसीच्या काही बॅचमध्ये जिवंत विषाणू राहिला, साधारण २०० जण लुळे पडले आणि १० जण गेले. लसीकरण थांबवलं, कारखान्यांची तपासणी केली, नियम बदलले आणि मग परत चालू केलं. एवढं होऊनही लोक रांगेत परत आले. अर्थात पोलिओने लंगडणारी मुलं तेव्हा सगळ्यांनी बघितलेली होती, आज कोणी बघितलेली नसतात आणि खरा प्रॉब्लेम तिथेच आहे.

डांग्या खोकल्याचं जपानमध्ये झालं ते बघा. लस घेतल्यावर दोन बाळं दगावली म्हणून १९७५ मध्ये लस थांबवली, नंतर चालू केली तरी पालक फिरकेनात, आणि १९७९ मध्ये १३,००० केसेस, ४१ मृत्यू. मग १९८१ मध्ये कमी ताप आणणारी नवी लस आणली आणि गाडी हळूहळू रुळावर आली. ब्रिटनमध्ये पण त्याच दशकात लसीने मेंदूला इजा होते अशी बातमी पसरली आणि लस घेणारी मुलं जवळपास ३० टक्क्यांवर आली.

१९९८ चा वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरचा १२ मुलांवरचा पेपर (एमएमआर म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा) बऱ्याच जणांना माहीत असतो. तो २०१० मध्ये मागे घेतला, डेन्मार्कमध्ये साडेसहा लाख मुलांच्या नोंदी तपासल्या त्यात काहीही संबंध सापडला नाही, तरी शंका आहेच.

प्रशांत महासागरातल्या सामोआ या बेटांच्या देशाची गोष्ट त्यापेक्षा जास्त लागते. २०१८ मध्ये एमएमआर लसीची पावडर कालवताना पाण्याऐवजी चुकून दुसरंच औषध मिसळलं गेलं आणि दोन बाळं गेली. चूक लसीची नव्हती, पण लसीकरण कित्येक महिने बंद राहिलं, विश्वास उडाला तो उडालाच, आणि २०१९ मध्ये गोवराने ८३ जणांचा जीव घेतला, बहुतेक सगळी लहान मुलं.

मग समजावायचं कसं? २०१४ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला, त्यात पुरावे दाखवल्यावर ऑटिझमचा गैरसमज कमी झाला, पण आधीपासून लसीबद्दल नाराज असलेल्या पालकांची लस देण्याची इच्छा उलट अजून कमी झाली! आजारी मुलांचे फोटो दाखवूनही उपयोग झाला नाही. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये वेगळं करतात, बाळंतपणानंतर दवाखान्यातच कोणीतरी आईजवळ बसतं, तिला काय वाटतंय ते आधी विचारतं आणि तिला चालणार असेल तरच माहिती देतं. याला निवांत वेळ लागतो, आणि गर्दीच्या ओपीडीत नेमका तोच नसतो.