दंतकथेतले पत्ते आणि डावाचे गणित

मराठवाड्यातल्या लग्नघरी रात्र रात्र मेंढीकोट खेळलेल्या माणसाला पत्त्याची किंमत म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्या खेळात एक्का हात ओढतो, वेळ आली तर हुकमाची दुर्री त्या एक्क्यालाही कापते, आणि तरीही डाव कोणाचा हे ठरते ते चार दश्शा कोणाच्या बाजूला गेल्या यावरून. राजा-राणीची चित्रे कितीही देखणी असली, तरी दश्शा मोजताना त्यांच्याकडे कोणी पाहत नाही.

गेल्या दिवाळीत लातूरला बहिणीकडे गेलो असताना सहावीत शिकणाऱ्या भाच्याने प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेले एक चकचकीत कार्ड माझ्यापुढे धरले. त्यावर आग ओकणारा ड्रॅगन होता. "मामा, हा चारिझार्ड. हा ज्याच्याकडे असेल तो हरतच नाही, खरं ना?" असे त्याने विचारले. मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे या प्रश्नाला मान हलवून सोडून देणे मला जमले नाही. ज्या कार्डांच्या नावाने दंतकथा तयार होतात, पण जी प्रत्यक्ष डावात वापरायला अवघड असतात, ती कसलेल्या खेळाडूंच्या स्पर्धेत टिकतील का, हा प्रश्न मुळात संभाव्यतेचा आहे आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी हिशेबाने काढता येते.

अशा खेळांना ट्रेडिंग कार्ड गेम म्हणतात. त्यांची सुरुवात १९९३ मध्ये अमेरिकेत 'मॅजिक: द गॅदरिंग' या खेळाने झाली, आणि तो रचणारे रिचर्ड गारफिल्ड हे क्रमचय-संचयाच्या गणितात डॉक्टरेट मिळवलेले गणिती होते. जपानमध्ये १९९६ मध्ये पोकेमॉनची कार्डे आली आणि १९९९ मध्ये कोनामी कंपनीने यु-गि-ओ हा खेळ आजच्या स्वरूपात बाजारात आणला. आपल्या नेहमीच्या खेळात बावन्न पत्त्यांचा एकच कॅट सगळ्यांमध्ये वाटला जातो. इथे मात्र प्रत्येक खेळाडू हजारो कार्डांमधून निवड करून स्वतःचा कॅट, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत 'डेक', घरूनच बांधून आणतो. मॅजिक आणि पोकेमॉनमध्ये स्पर्धेचा डेक साधारणपणे ६० कार्डांचा असतो, शक्ती पुरवणारी मूलभूत कार्डे वगळता एका नावाची जास्तीत जास्त चार कार्डे त्यात ठेवता येतात आणि सुरुवातीला सात कार्डे हातात येतात. एखाद्या कार्डाच्या चारही प्रती घेतल्या, तरी त्या सातांत त्यातली एक तरी असण्याची शक्यता जवळजवळ ४० टक्केच भरते. म्हणजे कार्ड कितीही थोर असले, तरी दहापैकी सहा डावांत आपण त्याच्याशिवायच सुरुवात करतो.

आता चारिझार्डकडे येऊ. पोकेमॉनच्या पहिल्या संचातील या कार्डाला १२० हिट पॉइंट, म्हणजे मार सोसण्याची ताकद, आहेत आणि त्याचा 'फायर स्पिन' हा हल्ला समोरच्याचे १०० पॉइंट घालवतो. त्या काळातल्या बहुतेक विरोधकांना हा एकच फटका पुरेसा होता. परंतु चारिझार्ड थेट मैदानात उतरत नाही. आधी चारमँडर ठेवायचा, पुढच्या खेळीत त्याचा चारमेलियन करायचा आणि त्याच्या पुढच्या खेळीत चारिझार्ड. हल्ल्यासाठी चार ऊर्जा लागतात आणि एका खेळीत ऊर्जेचे एकच कार्ड जोडता येते. सगळे मनासारखे जुळून आले, तर साध्या ऊर्जाकार्डांनी पहिला हल्ला चौथ्या खेळीत होतो, आणि प्रत्येक हल्ल्यासाठी त्यातली दोन कार्डे टाकून द्यावी लागतात, म्हणून पुढच्या हल्ल्यासाठी पुन्हा तयारी करावी लागते. दोन ऊर्जा देणारे 'डबल कलरलेस एनर्जी' हे कार्ड वापरले की हा वेळ कमी होतो, हे खरे. पण त्याच संचात विरोधकाची ऊर्जा काढून टाकणारे 'एनर्जी रिमूव्हल' हे कार्डही होते, आणि ते वापरायला काहीच खर्च येत नव्हता. ज्या कार्डावर दोन खेळींचा हिशेब उभा केला, ते समोरचा एका क्षणात उचलून बाजूला ठेवत असे.

म्हणूनच त्या सुरुवातीच्या काळात स्पर्धांमध्ये जे डेक भारी पडले, त्यांत 'हेमेकर' या नावाने ओळखला जाणारा डेक आघाडीवर होता आणि त्याचा कणा होते हिटमॉनचॅन, इलेक्ट्राबझ आणि सायदर यांच्यासारखे साधे पोकेमॉन. हिटमॉनचॅनला ७० हिट पॉइंट आणि एका ऊर्जेत २० पॉइंटचा ठोसा, एवढेच भांडवल. पण तो पहिल्या खेळीपासून मैदानात असतो, आणि ५० पॉइंटच्या चारमँडरला तीन ठोशांत संपवतो. ज्या पिल्लाचा ड्रॅगन व्हायचा, ते पिल्लूच वाचले नाही तर ड्रॅगनचे १२० पॉइंट कागदावरच राहतात. चारिझार्डवर फायटिंग प्रकारच्या ठोशाचा परिणाम ३० ने कमी होतो, म्हणजे पूर्ण वाढलेल्या चारिझार्डला हिटमॉनचॅनचा २० चा ठोसा लागतच नाही. तरीही स्पर्धेत हिटमॉनचॅन वरचढ ठरला, याचे मला विशेष महत्त्व वाटते: समोरासमोरच्या लढतीत कोण बलवान, यापेक्षा त्या लढतीपर्यंत कोण पोहोचतो हे अधिक निर्णायक असते.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हा हिशेब माहीत आहे. अडसाली ऊस सुमारे दीड वर्ष रानात उभा असतो, आणि सोयाबीन साधारण शंभर दिवसांत हाती येते. विहिरीला पाणी राहीलच अशी खात्री असेल तर उसाचे उत्पन्न मोठे. पण लातूर, बीड किंवा धाराशिवच्या रानात ती खात्री प्रत्येक वर्षी देता येत नाही. मोठ्या कार्डाची वाट पाहणाऱ्या खेळाडूचेही असेच असते. मॅजिकमध्ये प्रत्येक कार्ड खेळायला 'मॅना' नावाची शक्ती खर्च करावी लागते, ती जमिनीच्या कार्डांतून मिळते आणि एका खेळीत एकच जमीन मांडता येते. समजा ६० पैकी २४ कार्डे जमिनीची आहेत आणि आपल्या कार्डाला ८ मॅना लागतो. दुसऱ्या क्रमांकाने खेळणाऱ्याने आठव्या खेळीपर्यंत १५ कार्डे पाहिलेली असतात. त्यांत निदान आठ जमिनी असण्याची शक्यता काढली तर ती १८ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे पाचांतून एकदाही हे कार्ड वेळेवर पडत नाही, आणि वेगवान डेक तर अनेकदा चौथ्या-पाचव्या खेळीतच डाव संपवतो.

एवढ्यावरून अव्यवहार्य कार्डे कायम हरतात असा निष्कर्ष काढला, तर तो चुकीचा ठरेल. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे २००६ मध्ये मॅजिकच्या 'कोल्डस्नॅप' या संचात आलेले 'डार्क डेप्थ्स'. नियमांच्या भाषेतही हे कार्ड 'लेजेंडरी' प्रकारचे आहे. कथा अशी की बर्फाखाली मॅरिट लेज नावाची एक प्रचंड शक्ती गोठून पडलेली आहे. कार्ड मांडताना त्यावर बर्फाचे दहा ठोकळे ठेवायचे, प्रत्येक ठोकळा वितळवायला तीन मॅना मोजायचा, आणि सगळे वितळले की उडणारा, नष्ट न होणारा, २० शक्तीचा राक्षस बाहेर येतो. प्रतिस्पर्ध्याकडे सुरुवातीला २० जीवनगुण असतात, म्हणजे एकाच हल्ल्यात खेळ खलास. पण किंमत किती? दहा ठोकळे, प्रत्येकी तीन, एकूण ३० मॅना. आणि हे कार्ड स्वतः एक थेंबही मॅना देत नाही. गोष्टीत शोभणारे आणि डावात जड होणारे कार्ड कसे असते, याचा हा नमुनाच होता.

तीन वर्षांनी, २००९ मध्ये, 'झेंडिकार' या संचात 'व्हँपायर हेक्समेज' नावाचे दोन मॅनाचे एक लहानसे कार्ड आले. त्याचा बळी दिला की कोणत्याही एका कार्डावरचे सगळे ठोकळे निघून जातात. डार्क डेप्थ्सवर एक अक्षरही बदलले नव्हते, पण ३० मॅनाचा खर्च दोनवर आला. त्याच वर्षी ऑस्टिन इथे झालेल्या प्रो टूर स्पर्धेत ही जोडी गाजली, आणि २०११ मध्ये 'मॉडर्न' हा नवा स्पर्धाप्रकार सुरू झाला तेव्हा त्याच्या पहिल्याच बंदी-यादीत डार्क डेप्थ्सचे नाव होते. कार्डाच्या शक्तीचे मोजमाप करताना छापील किमतीऐवजी ती किंमत चुकवण्याची सर्वांत स्वस्त वाट पाहावी लागते, आणि ती वाट कदाचित अजून छापलेलीच नसते.

मात्र अशा जोडीचेही गणित कडक आहे. दोन्ही कार्डांच्या चार-चार प्रती ६० कार्डांत ठेवल्या आणि दहा कार्डे पाहून झाली, तर दोघांपैकी निदान एकेक हाती आलेले असण्याची शक्यता फक्त २६-२७ टक्के असते. म्हणून असे डेक बांधणारे आपल्या डेकची बरीच जागा हवे ते कार्ड शोधून आणणाऱ्या कार्डांना देतात. म्हणजे एका राक्षसासाठी अर्धा डेक सेवेला लावतात. शिवाय तो राक्षस नष्ट होत नसला, तरी खेळाबाहेर काढता येतो, आणि 'पाथ टू एग्झाइल' हे एका मॅनाचे कार्ड नेमके तेच करते. ऑस्टिनच्या त्या स्पर्धेत अखेर विजेता ठरला तो ब्रायन किब्लर, आणि त्याचा डेक होता 'झू' प्रकारचा, म्हणजे मुख्यतः एक-दोन मॅनाच्या चपळ प्राण्यांवर उभा असलेला. दंतकथेतले कार्ड स्पर्धेत पोहोचले, सगळ्यांना त्याची दखल घ्यावी लागली, तरीही विजेतेपद त्याला मिळाले नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

यु-गि-ओमधल्या 'ब्लू-आइज व्हाइट ड्रॅगन'चा प्रवास याहून सुखद आहे. ३००० हल्लाशक्तीचा हा ड्रॅगन खेळाच्या सुरुवातीपासूनचा मानबिंदू; पण तो साध्या मार्गाने बोलवायचा तर आधी आपलेच दोन राक्षस बळी द्यावे लागतात, त्यामुळे गंभीर खेळाडूंनी त्याला बराच काळ दूर ठेवले. पुढे कोनामीने त्याच्याभोवती मदतीची कार्डे रचत नेली. एक नवा ड्रॅगन असा होता, की हातातला मूळ ड्रॅगन नुसता दाखवला की तो बळीशिवाय मैदानात येई. 'ट्रेड-इन' या कार्डाने जड ड्रॅगन टाकून देऊन दोन नवी कार्डे ओढता येत. २०१६ ची जागतिक स्पर्धा ब्लू-आइजच्याच डेकने जिंकली. ओझे असलेले कार्ड हातात अडकण्याऐवजी तिथेच उपयोगी पडू लागले, हे त्या यशामागचे खरे कारण आहे असे मला वाटते.

उलट काही कार्डे पहिल्या दिवसापासून दंतकथा आणि व्यवहार या दोन्हींत बसतात. मॅजिकमधले 'ब्लॅक लोटस' शून्य मॅनात खेळता येते आणि तीन मॅना देते. 'व्हिंटेज' या प्रकारात डेकमध्ये त्याची एकच प्रत चालते आणि इतर बहुतेक ठिकाणी एकही नाही. दुसऱ्या टोकाला 'पिकाचू इलस्ट्रेटर' हे कार्ड आहे, जे जपानमधल्या चित्रस्पर्धेच्या विजेत्यांना बक्षीस म्हणून दिले गेले. त्याची एक प्रत पन्नास लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली, पण डावात त्याचा काहीही परिणाम नाही. बाजाराची किंमत आणि डावातली किंमत यांचा संबंध किती सैल असतो, ते यावरून दिसावे.

मोठ्या स्पर्धेत एका डावाचे यश पुरत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. सामना जिंकण्याची शक्यता ६० टक्के असलेला डेक सलग आठ सामने जिंकण्याची शक्यता सुमारे १.७ टक्के असते. ५० टक्क्यांच्या डेकसाठी ती ०.४ टक्क्यांवर येते. एका सामन्यात जो फरक दहा टक्क्यांचा दिसतो, तो आठ सामन्यांत चौपटीहून मोठा होतो. कधीतरी डोळे दिपवणारा विजय मिळवून देणारे कार्ड मैत्रीच्या डावात आनंद देते, पण स्पर्धेचा खेळाडू दर वेळी थोडेसे देणाऱ्या कार्डाकडे वळतो, तो यामुळे.

भाच्याला हे सगळे आकड्यांत सांगण्यापेक्षा मी एक प्रयोग करून दाखवला. यु-गि-ओमध्ये 'एक्झोडिया' नावाचा एक राक्षस पाच तुकड्यांत विभागलेला आहे, आणि पाचही तुकडे एकदम हातात आले की डाव तिथेच जिंकला जातो. प्रत्येक तुकड्याची एकच प्रत ठेवता येते; चार हातापायांची हल्लाशक्ती प्रत्येकी २००, म्हणजे सुटे असताना ते जवळजवळ निरुपयोगी. डेक किमान ४० कार्डांचा. पहिल्या पाच कार्डांतच पाचही तुकडे येण्याची शक्यता ६,५८,००८ मध्ये एक आहे. वीस कार्डे, म्हणजे अर्धा डेक, पाहिला तरी ती अडीच टक्क्यांहून कमी राहते, आणि ३५ कार्डे ओढल्यावर कुठे ४९ टक्क्यांपर्यंत पोहोचते.

आम्ही घरातल्या साध्या पत्त्यांच्या कॅटमधून बारा पत्ते काढून ४० ठेवले, चार एक्के आणि बदामची राणी हे पाच तुकडे मानले, आणि ओसरीत बसून पत्ते पिसून एकेक उलटत गेलो. पाचवा तुकडा कितव्या पत्त्याला सापडला, ते भाचा वहीत लिहीत होता. गणिताने ही सरासरी ३४ च्या किंचित वर येते. पहिल्या वेळी ३७ आले, मग ३१, मग चक्क ४०. दहा-बारा वेळा झाल्यावर तो लिहायचा थांबला आणि चारिझार्डचे पाकीट बाजूला ठेवून त्याने विचारले, "मामा, मग एका खेळीत जास्त पत्ते ओढू देणारी कार्डं कोणती असतात?"