स्टॅक्स रेकॉर्ड्स

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरातली ध्वनिमुद्रिका कंपनी. दक्षिणेकडील सोल संगीताला (कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या भावपूर्ण लोकप्रिय गायनप्रकाराला) गॉस्पेलचा, म्हणजे चर्चमधील भक्तिगीतांचा, आवेग आणि वाद्ययोजनेतील काटकसर यांचा जो मेळ १९६० ते १९७५ या काळात लाभला, त्याचे श्रेय प्रामुख्याने या कंपनीला दिले जाते.

कंपनीच्या स्थापनेचे वर्ष निरनिराळे दिले जाते. बँकेत नोकरी करणारा आणि फावल्या वेळात कंट्री संगीतात फिडल वाजवणारा जिम स्ट्युअर्ट याने १९५७ मध्ये ‘सॅटेलाइट’ नावाने सुरुवात केली. त्याची थोरली बहीण एस्टेल अ‍ॅक्स्टन हिने नंतर आपले घर गहाण ठेवून अ‍ॅम्पेक्स ध्वनिमुद्रण यंत्रासाठी पैसे उभे केले आणि ती भागीदार झाली. कॅलिफोर्नियात त्याच नावाची दुसरी कंपनी असल्याचे कळल्यावर १९६१ मध्ये दोघांच्या आडनावांची पहिली दोन-दोन इंग्रजी अक्षरे जोडून ‘स्टॅक्स’ हे नाव घेण्यात आले. काही लेखक या नामांतरापासून इतिहास मोजतात. व्यवसायाचे सातत्य पाहता १९५७ हेच वर्ष धरणे योग्य होय. मात्र आरंभीची मुद्रणे कंट्री व पॉप वळणाची होती आणि सोल संगीताशी कंपनीचा संबंध १९६० नंतरच जुळला.

या बदलाला मुख्यतः जागा कारणीभूत झाली. १९६० मध्ये कंपनीने ईस्ट मॅक्लेमोर अ‍ॅव्हेन्यूवरील बंद पडलेले कॅपिटॉल चित्रपटगृह भाड्याने घेतले. खुर्च्या काढल्या, पण उतरती जमीन सपाट केली नाही. रंगमंचावर नियंत्रणकक्ष थाटला. दर्शनी भागातल्या खाऊच्या दुकानाच्या जागी एस्टेलने ध्वनिमुद्रिकांचे दुकान काढले. वस्तीतली कृष्णवर्णीय मुले तिथे येत, नवी गाणी ऐकत, आणि कोणती मुद्रिका खपते व का खपते हे तिला गल्ल्यावर बसल्या बसल्या उमगे. पुढे गीतकार म्हणून नावाजलेला डेव्हिड पोर्टर रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानात कामाला होता, बुकर टी. जोन्स त्याच परिसरातला. रूफस टॉमस व त्याची मुलगी कार्ला यांच्या १९६० मधील युगुलगीतामुळे न्यूयॉर्कच्या अटलांटिक कंपनीचे लक्ष वेधले गेले आणि तिने वितरण हाती घेतले.

‘बुकर टी. अँड द एम.जी.ज’ हा स्टुडिओतील मुद्रणांना साथ करणारा कंपनीचा स्वतःचा वाद्यवृंद होता. वर्णभेदाचे कायदे लागू असलेल्या शहरात कृष्णवर्णीय आणि गोरे वादक तिथे रोज एकत्र बसून गाणी घडवत. १९६२ मधील ‘ग्रीन अनियन्स’ ही त्यांची गाजलेली वाद्यरचना. ओटिस रेडिंग, सॅम अँड डेव्ह हे गायक आणि आयझॅक हेज–पोर्टर ही गीतकारांची जोडी याच स्टुडिओत नावारूपाला आली.

स्टॅक्सच्या मुद्रणांत चार ठोक्यांच्या आवर्तनातील दुसरा आणि चौथा ठोका कणभर उशिरा पडतो. एका मतानुसार, १९६५ मध्ये गायक विल्सन पिकेटच्या मुद्रणाच्या वेळी अटलांटिकच्या जेरी वेक्स्लरने ‘जर्क’ हे नृत्य स्वतः करून दाखवले आणि त्यावरून गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर व ड्रमवादक अल जॅक्सन यांनी ठोका मागे खेचला. दुसरे मत असे की, मोठ्या खोलीत हेडफोनशिवाय वाजवताना कानांपेक्षा एकमेकांच्या हातांवर नजर ठेवण्याच्या सवयीतून हा विलंब आला. त्यापूर्वीच्या मुद्रणांत तो इतका ठळक नाही, हे लक्षात घेता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. खोलीमुळे त्या सवयीला बळकटी आली असावी.

अटलांटिकशी १९६५ मध्ये झालेला लेखी करार स्ट्युअर्टने न वाचताच सही केला. अटलांटिक विकली गेल्यावर उघड झाले की, तिने वितरित केलेल्या मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी त्या करारान्वये तिच्याकडेच होती. त्या कलमाची आपल्यालाही कल्पना नव्हती, असे वेक्स्लरने पुढे सांगितले. ज्यांनी हे संगीत त्या उतरत्या जमिनीवर उभे राहून घडवले, त्यांच्या कंपनीकडे त्याचा हक्क उरला नाही, ही या इतिहासातील सर्वांत वेदनादायक बाब होय. त्याच सुमारास, १० डिसेंबर १९६७ रोजी, रेडिंग आणि त्याला साथ करणाऱ्या बार-केज वृंदातील बहुतेक वादक विस्कॉन्सिनमधील विमान अपघातात मरण पावले. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, ती मेम्फिसमधील लोरेन मोटेलमध्ये. स्टॅक्सचे कृष्णवर्णीय व गोरे कलावंत एकत्र उतरू व बसू शकत अशा शहरातल्या मोजक्या जागांपैकी ती एक होती.

यानंतर सूत्रे अल बेल या कृष्णवर्णीय अधिकाऱ्याकडे आली. गाण्यांचा साठाच हातून गेल्यामुळे १९६९ मध्ये त्याने एकाच वेळी २७ अल्बम बाजारात आणले. त्यांतील हेजचा ‘हॉट बटर्ड सोल’ सर्वाधिक गाजला. २० ऑगस्ट १९७२ रोजी लॉस एंजेलिस येथे १ डॉलर तिकिटाचा ‘वॉटस्टॅक्स’ महोत्सव भरला. पुढे सीबीएस या मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपनीशी झालेला वितरण करार फिसकटला, बँकेची कर्जे थकली आणि डिसेंबर १९७५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली. बँक फसवणुकीच्या आरोपातून बेल १९७६ मध्ये निर्दोष सुटला.

मूळ इमारत १९८९ मध्ये पाडण्यात आली. त्याच जागेवर २००३ मध्ये संग्रहालय उघडले. तेथील स्टुडिओच्या प्रतिकृतीत जमीन उतरतीच ठेवली आहे.