टेलिमेडिसिनची दृक्‌श्राव्य साधने

रुग्ण उपकेंद्रात किंवा घरी आणि डॉक्टर दुसऱ्या गावी असताना दोघांना एकमेकांशी बोलता-पाहता यावे आणि तपासणीतल्या खुणा डॉक्टरांपर्यंत नीट पोहोचाव्यात, यासाठी वापरली जाणारी उपकरणे व जोडणी. कॅमेरा, माइक, स्पीकर, पडदा व इंटरनेट यांच्याबरोबर डिजिटल स्टेथोस्कोप, कान तपासण्याचा ऑटोस्कोप, त्वचेसाठीचा डर्मॅटोस्कोप ही जोडउपकरणेही त्यात मोडतात. खर्च बहुधा कॅमेऱ्यावर होतो. सल्ला फसतो तो मात्र रुग्णाच्या बाजूचा उजेड, आवाज आणि अपलोड यांमुळे.

भारतात आंध्र प्रदेशातील अरगोंडा येथे २००० साली ग्रामीण टेलिमेडिसिनचा प्रयोग झाला आणि पुढच्याच वर्षी इस्रोने उपग्रहाद्वारे रुग्णालये जोडायला सुरुवात केली. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किमी उंचीवर असल्याने आवाज पोहोचायला पाव सेकंद लागतो आणि दोघे एकाच वेळी बोलू लागतात. संभाषण सहज चालायला हा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत हवा. फायबर व ४जीवर तो सहसा या मर्यादेत राहतो. केंद्र सरकारची ई-संजीवनी सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. तिच्यात उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून हबवरील (दूरच्या सल्लाकेंद्रातील) डॉक्टरांशी जोडून देतात. एप्रिल २०२० पासून रुग्णाला घरूनही थेट सल्ला घेता येतो.

जोडणी : ७२० पिक्सेलच्या चित्राला साधारण १ ते १.५ एमबीपीएस लागतात, आवाजाला ३० ते ४० केबीपीएस पुरतात. स्पीड टेस्टमध्ये डाउनलोडचा आकडा पाहून समाधान मानू नये. रुग्णाचे चित्र अपलोडवरून जाते आणि ग्रामीण ४जीवर तोच मार्ग अरुंद असतो. चित्र अडखळू लागले की आधी रेझोल्यूशन कमी करावे, मग चित्र बंद करून आवाज राखावा. इंटरनेटवर माहिती पॅकेट नावाच्या तुकड्यांतून जाते; हरवलेल्या पॅकेटसाठी न थांबणारी पद्धत म्हणजे यूडीपी. कार्यालयाच्या फायरवॉलने (नेटवर्कच्या सुरक्षा-चाळणीने) यूडीपी अडवले असेल तर कॉल टीसीपी या दुसऱ्या पद्धतीने जातो. टीसीपी हरवलेले पॅकेट पुन्हा मागवत बसते, त्यामुळे वेग भरपूर असूनही आवाज तुटतो.

उजेड : रुग्णाचे तोंड खिडकीकडे असावे. खिडकी पाठीमागे आली की चेहरा काळवंडतो. पिवळ्या बल्बखाली कावीळ आणि पांडुरता (त्वचेचा फिकेपणा) या दोन्हींचा अंदाज चुकतो. रंगीत भिंत किंवा गडद चादर चौकटीत असली तर ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंग आपोआप जुळवण्याची सोय) त्वचेचा रंग बदलून टाकतो. म्हणून मागे पांढरी किंवा राखाडी भिंत आणि वर ५००० केल्विनच्या आसपासचे, रंग खरे दाखवणारे (सीआरआय ९० वा अधिक) दिवे लावावेत. उजेड कमी पडला की वेबकॅम एक्स्पोजर लांबवतो आणि सेकंदाला ३० ऐवजी १५ किंवा त्याहूनही कमी फ्रेम पाठवतो. पार्किन्सनचा कंप सेकंदाला ४ ते ६ वेळा होतो. ५ फ्रेमवर तो हात जवळजवळ स्थिर दिसू शकतो.

त्वचेवरील चट्टा चालू कॉलमध्ये दाखवण्यापेक्षा त्याचे फोटो पाठवावेत, कारण व्हिडिओची माहिती आटोपशीर (कॉम्प्रेस) करताना बारीक पोत पुसला जातो. एक फोटो फूटभर अंतरावरून, दुसरा साधारण १० सेंमीवरून, शेजारी पट्टी धरून. त्याहून जवळ गेल्यास बहुतेक फोनचा फोकस सुटतो. फोनचा ब्यूटी मोड बंद आहे ना, हे आधी पाहावे. तो पुरळच गुळगुळीत करून टाकतो.

स्टेथोस्कोप : सर्वांत जास्त फसगत इथेच होते. हृदयध्वनी मुख्यतः २० ते १५० हर्ट्झमध्ये असतात, तर लॅपटॉपचे स्पीकर २०० हर्ट्झखाली जवळपास मुकेच. डॉक्टरांनी कान झाकणारे हेडफोन लावायलाच हवेत. शिवाय कॉलिंग ॲपचे नॉइज सप्रेशन श्वासाचा सलग आवाज पंख्याची घरघर समजून काढून टाकते. मग सशक्त फुप्फुसही ‘शांत’ ऐकू येते आणि फुप्फुसात हवा कमी शिरते आहे असे डॉक्टरांना वाटू शकते. म्हणून ही प्रक्रिया बंद करावी किंवा प्रत्येक जागेचे १५ सेकंदांचे ध्वनिमुद्रण फाइल म्हणून वेगळे पाठवावे. श्वासाची गती चित्रावरून मोजू नये. गोठलेले चित्र पुन्हा चालू होताना भराभर पुढे धावते. आरोग्य अधिकाऱ्यांनी समोर बसून पूर्ण ६० सेकंद मोजून आकडा सांगावा.

टाइल बसवलेल्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. पडदा, सतरंजी किंवा हेडसेटने फरक पडतो. दोन उपकरणे एकाच खोलीत एकाच कॉलवर असली की शिट्टी येते, एकाचा माइक व स्पीकर दोन्ही बंद करावेत. वीज गेल्यावर लॅपटॉप चालतो आणि राउटर बंद पडतो, तेव्हा यूपीएसवर पहिली जागा राउटरची.

२५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार ‘अ’ यादीतील औषधे पहिल्या भेटीत व्हिडिओवर पाहूनच लिहिता येतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या अनुसूची एक्स मधील व अमली पदार्थ कायद्याखालची औषधे अशा सल्ल्यात लिहिताच येत नाहीत. कॉल रुग्णाने स्वतः केला तर त्याची संमती धरली जाते. आरोग्य कर्मचारी किंवा डॉक्टरांनी सुरू केला तर ती स्पष्ट घेऊन नोंदवावी लागते, आणि खोलीत चौकटीबाहेर कोणी बसले असल्यास दोन्ही बाजूंनी ते आधीच सांगावे.