सातोरू इवाता यांच्या निधनानंतरचा चाहत्यांचा शोक

निन्टेंडो या जपानी व्हिडिओ गेम कंपनीचे चौथे अध्यक्ष सातोरू इवाता (६ डिसेंबर १९५९, साप्पोरो – ११ जुलै २०१५, क्योटो) यांच्या निधनानंतर जगभरच्या खेळाडूंनी पाळलेला शोक आणि त्यातून रुजलेल्या स्मरणाच्या रीती. पित्तनलिकेतील गाठीमुळे वयाच्या ५५ व्या वर्षी, पदावर असतानाच इवाता गेले. एखाद्या कंपनीच्या अध्यक्षासाठी तिच्या गिऱ्हाइकांनी डोळे पुसावेत, असे क्वचितच घडते. इवाता खेळाडूंशी मध्यस्थाशिवाय बोलत, आणि त्या बोलण्यातल्याच खुणा पुढे शोकाच्या खुणा झाल्या. या शोकाचा मोठा भाग गेमच्या आत व्यक्त झाला. त्यामुळे त्या गेमच्या ऑनलाइन सेवा बंद पडल्या तसा तोही पुसला जात आहे.

बातमी आणि अंत्यविधी

जून २०१४ मध्ये नेहमीच्या आरोग्य तपासणीत इवाता यांच्या पित्तनलिकेत गाठ आढळली आणि शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षी ते लॉस एंजेलिसच्या ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनाला गेले नाहीत. नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा पडद्यावर दिसले तेव्हा बरेच वाळलेले होते. चाहत्यांच्या ते लक्षात आले होते, तरी बरे होऊन कामावर आलेला माणूस असाच बहुतेकांचा समज राहिला. २६ जून २०१५ च्या भागधारकांच्या सभेला ते हजर होते.

निधन शनिवारी झाले. कंपनीने ते सोमवारी, १३ जुलैला सकाळी मोजक्या ओळींच्या निवेदनातून कळवले. अमेरिकेत तेव्हा १२ तारखेची संध्याकाळ होती. म्हणून जुन्या नोंदींत ११, १२ आणि १३ अशा तिन्ही तारखा सापडतात. निधनाची तारीख ११ आहे, बाकीच्या दोन बातमीच्या. बातमीच्या दिवशी कंपनीच्या समाजमाध्यमांवरील खात्यांनी मौन पाळले आणि क्योटोच्या मुख्यालयातील ध्वज अर्ध्यावर उतरवले गेले. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स या प्रतिस्पर्ध्यांकडूनही आदरांजली आली.

रात्रभराची जागर-प्रार्थना १६ जुलैला आणि अंत्यविधी १७ जुलैला क्योटोतील हिगाशी होंगान-जी पंथाच्या ओकाझाकी बेत्सुइन या बौद्ध मंदिरात झाला. नांगका वादळाचा पाऊस चालू असतानाही सुमारे ४,१०० लोक आले. न्यूयॉर्कमध्ये रॉकफेलर सेंटरजवळच्या निन्टेंडोच्या दुकानात चाहत्यांनी फुले आणि हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या ठेवल्या.

एवढा जिव्हाळा कशामुळे

इवाता मूळचे प्रोग्रामर. शिकत असतानाच, १९८० पासून ते हॅल लॅबोरेटरी या गेम बनवणाऱ्या कंपनीत काम करू लागले. कंपनी कर्जात बुडाली असताना १९९३ मध्ये ते तिचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी तिला त्यातून बाहेर काढले. रखडलेला ‘मदर २’ हा गेम त्यांनी हाती घेतला तेव्हा त्यांनी दोन पर्याय मांडले होते: आहे तेच दुरुस्त करायचे तर दोन वर्षे, नव्याने लिहायचे तर अर्धे वर्ष. नव्याने लिहायचे ठरले आणि १९९४ मध्ये गेम बाजारात आला. ‘पोकेमॉन स्टेडियम’ या गेमसाठी गेम बॉय यंत्रावरील लढतींची सगळी गणिते त्यांनी मूळ कोड वाचून, कागदपत्रांशिवाय, आठवड्याभरात निन्टेंडो ६४ या यंत्रावर उतरवली. निन्टेंडोत वरिष्ठ पदावर असतानाही २००१ मध्ये ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ हा गेम मुदतीत निघणार नाही असे दिसताच ते हॅलमध्ये जाऊन तीन आठवडे चुका शोधत बसले.

मे २००२ मध्ये हिरोशी यामाउची यांच्यानंतर ते निन्टेंडोचे अध्यक्ष झाले. यामाउची घराण्याबाहेरचे ते पहिलेच. त्यांच्याच काळात डीएस (२००४) आणि वी (२००६) ही यंत्रे आली आणि गेमला कधी हात न लावलेली माणसेही खेळू लागली. ऑगस्ट २०११ मध्ये थ्रीडीएस या यंत्राची किंमत २५,००० येनवरून १५,००० वर आणावी लागली तेव्हा त्यांनी स्वतःचा पगार निम्मा केला, आणि २०१४ मध्ये वी यू हे यंत्र चालेना तेव्हा पुन्हा निम्मा केला. माणसे का काढत नाही असे २०१३ च्या भागधारकांच्या सभेत विचारले गेले. नोकरी जाण्याच्या धास्तीत असलेल्या माणसांकडून लोकांच्या मनाला भिडणारा खेळ होणार नाही, असे त्यांच्या उत्तराचे सार होते. उद्योगात नोकरकपातीची लाट आली की हे उत्तर आजही चाहते एकमेकांना पाठवतात.

चाहत्यांशी खरे नाते जुळले ते २१ ऑक्टोबर २०११ पासून सुरू झालेल्या ‘निन्टेंडो डायरेक्ट’ या चित्रफितींमुळे. पत्रकार परिषद नाही, निवेदक नाही. अध्यक्ष स्वतः कॅमेऱ्यासमोर उभे राहून नवा गेम दाखवत. ‘चोकुसेत्सु’, म्हणजे ‘थेट’, हा शब्द उच्चारताना ते दोन्ही तळहात समांतर धरून छातीपासून समोर नेत. हीच पुढे त्यांची ओळखीची खूण झाली. २०१३ मध्ये मारिओचा भाऊ लुइजी याचे वर्ष जाहीर करताना त्यांनी त्याची हिरवी टोपी घातली. जून २०१५ च्या ई-थ्री कार्यक्रमात त्यांची हातबाहुली होती. तो कार्यक्रम अनेक चाहत्यांना आवडला नव्हता आणि नाराजी मोठ्या आवाजात व्यक्त झाली होती. महिन्याच्या आत निधनाची बातमी आली. शोकात मिसळलेली अपराधी भावना त्यातून आली, आणि त्या दिवसांतल्या संदेशांत ‘धन्यवाद’च्या बरोबरीने ‘क्षमा करा’ का दिसते याचे उत्तरही तिथेच आहे.

मीव्हर्समधील चित्रे

वी यू आणि थ्रीडीएसवर मीव्हर्स नावाची सेवा होती. प्रत्येक गेमचा एक कट्टा असे. त्यावर मजकूर टंकता येई किंवा लेखणीने ३२० × १२० ठिपक्यांच्या आडव्या पट्टीवर काळ्या-पांढऱ्यात चित्र काढता येई. एवढ्या पट्टीत माणसाचा चेहरा ओळखू यावा असा काढणे सोपे नाही. इवाता यांचे चित्र मात्र जमून जाई, कारण मधोमध भांग पाडलेले केस, चष्मा आणि पुढे आलेले दोन हात एवढ्यावर ओळख पटत असे. राखाडी छटा हवी असेल तर एक ठिपका काळा, एक पांढरा अशी जाळी विणावी लागे, आणि अशा चित्राला तास-दोन तास सहज जात. दुसऱ्याच्या संदेशाला दाद देण्याच्या बटणावर इंग्रजीत आनंदाचा उद्गार होता. मृत्यूच्या बातमीखाली तो दाबायचा तरी कसा, असा पेच पाश्चात्त्य खेळाडूंना पडला. जपानीत त्याच बटणावर ‘खरं आहे’ अशा अर्थाचा शब्द होता, त्यामुळे तिथे अडचण आली नाही.

या चित्रांची सर्वांत मोठी गर्दी ‘स्प्लॅटून’मध्ये झाली. हा गेम दीडच महिन्यापूर्वी आलेला होता. त्याच्या चौकातल्या टपालपेटीतून मीव्हर्सवर चित्र टाकले की ते इतरांच्या चौकात त्या खेळाडूच्या पात्राच्या डोक्यावर तरंगताना दिसे, आणि लढतीच्या मैदानांत भिंतींवर रंगवल्यासारखे उमटे. कुणाला कोणते चित्र दिसेल हे यंत्रणा ठरवी. १३ जुलैनंतर काही दिवस चौकात शिरावे तर चहूकडे इवाता यांचे चेहरे, रडणारा मारिओ, पंख लावलेला कर्बी (हॅलच्या गेममधले गोल पात्र) असेच दिसे. कुणी हाक दिली नव्हती, एक जागा ठरलेली नव्हती. खेळायला आलेला माणूस नकळत शोकसभेत उभा राहत होता. सगळ्या श्रद्धांजलींत ही सर्वांत हृद्य.

मीव्हर्स ८ नोव्हेंबर २०१७ ला बंद झाले. त्याआधी प्रत्येकाला स्वतःचे संदेश मागवून घेता येत होते आणि स्वयंसेवी संग्राहकांनी सार्वजनिक संदेशांचा बराच भाग उतरवून ठेवला. तो आजही धुंडाळता येतो. चौकात तरंगणारी चित्रे मात्र सेवेविना दिसत नाहीत, आणि ८ एप्रिल २०२४ ला वी यू व थ्रीडीएसच्या उरलेल्या बहुतेक ऑनलाइन सेवाही थांबल्या.

स्विचमध्ये लपवलेला गोल्फ

इवाता यांनी ‘गोल्फ’ हा फॅमिकॉम या निन्टेंडोच्या जुन्या घरगुती यंत्राचा गेम प्रोग्रॅम केला होता (१९८४). मार्च २०१७ मध्ये आलेल्या निन्टेंडोच्या स्विच यंत्राच्या आत हाच गेम गुपचूप ठेवलेला आहे, हे त्या वर्षी सप्टेंबरमध्ये खटपट्या चाहत्यांनी उघडकीस आणले. तो उघडायचा तर यंत्राची तारीख ११ जुलै हवी. मुख्य पडद्यावर असताना दोन्ही बाजूंचे जॉय-कॉन (हातात धरायचे नियंत्रक) यंत्रापासून सोडवायचे, एकेका हातात एक धरायचे आणि दोन्ही हात एकत्र पुढे न्यायचे, म्हणजे इवाता यांची ‘थेट’ची खूण करायची. नीट जमली तर त्यांच्याच आवाजातला ‘चोकुसेत्सु’ ऐकू येतो आणि गेम सुरू होतो. फटका जॉय-कॉन हलवूनही मारता येतो.

बहुतेकांना हे जमले नाही, आणि कारण घड्याळात होते. यंत्र एकदा जरी इंटरनेटला जोडले गेले असले, तरी ते सेटिंगमध्ये हाताने बदललेली तारीख धरत नाही, जाळ्यावरून मिळालेली खरी वेळ धरते. मग ११ जुलै उजाडण्याचीच वाट पाहावी लागते. कधीच न जोडलेल्या यंत्रात तारीख पुढे-मागे करून चालते. दुसरी अडचण अपडेटची: २०१७ संपता संपता नव्या सिस्टम आवृत्तीतून हा गेम काढून टाकल्याचे दिसून आले. त्यामुळे आज अपडेट केलेल्या स्विचवर ११ जुलैला कितीही हात हलवले तरी काही होणार नाही. ज्यांच्याकडे पहिल्या काही महिन्यांतले, अपडेट न केलेले यंत्र आहे, ते ते तसेच जपून ठेवतात.

कंपनीने या लपवलेल्या गेमचा गाजावाजा केला नव्हता. जपानमध्ये मंदिरातून आणलेला ‘ओमामोरी’ जवळ बाळगतात, पण उघडून पाहत नाहीत. आपल्याकडे ताईत बांधतात तसेच. प्रत्येक स्विचच्या पोटात इवाता यांचा ताईत आहे, ही कल्पना चाहत्यांना फार भावली. गेम काढल्याचे कळल्यावर म्हणूनच पुन्हा हळहळ झाली.

गेममधील अर्पणे

एप्रिल २०१६ च्या ‘स्टार फॉक्स झीरो’च्या श्रेयनामावलीत लढाईत पडलेल्या साथीदाराला गेम अर्पण केला आहे. मार्च २०१७ च्या ‘झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये सातोरी नावाचा डोंगर आहे. त्यावर अधूनमधून प्रकाश दिसतो. तो दिसेल तेव्हा वर जावे, म्हणजे फुललेल्या झाडाखालच्या तळ्याशी पर्वताचा स्वामी नावाचा चमकणारा प्राणी सापडतो. ओणवे होऊन, आवाज न करता मागून जावे लागते. चाहूल लागली की तो नाहीसा होतो. पाठीवर बसल्यावर त्याला शांत करायला स्टॅमिना (आपल्या पात्राचा दम) भरपूर लागतो, आणि घोड्यासारखा तो तबेल्यात नोंदवता येत नाही. गेममधील माहितीनुसार हा प्राणी त्या भूमीवर वारलेल्या एका ज्ञानी पुरुषाचा पुनर्जन्म असून त्याचे दुसरे नाव सातोरी आहे. ‘सातोरी’ हा बोधाचा बौद्ध शब्दही आहे, म्हणून अर्पणाचा निर्वाळा केवळ नावावरून देता येत नाही. नाव आणि ही आख्यायिका एकत्र वाचली तर चाहत्यांचा अर्थ पटण्याजोगा आहे. त्याच गेममधला चष्मेवाला प्रवासी म्हणजे इवाताच, या समजुतीला मात्र दिसण्यातल्या साम्यापलीकडे आधार नाही.

अशी आणखी एक फुगलेली गोष्ट म्हणजे ‘पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हर’च्या कार्ट्रिजमध्ये आधीच्या पोकेमॉन गेममधला आख्खा कांटो प्रदेश इवाता यांनीच एकट्याने कोंबला, ही. त्यांनी चित्रे दाबून लहान करण्याची साधने करून दिली, एवढेच विकसकांच्या मुलाखतीतून कळते. तेवढेही थोडे नाही.

भारतातील दुवा

१९९० च्या दशकात महाराष्ट्रातल्या घरांत फॅमिकॉमच्या नकला असलेले ‘व्हिडिओ गेम’ आले. त्यांच्या शेकडो गेम असल्याचा दावा करणाऱ्या ‘कॅसेटीं’त फुगे बांधून उडणाऱ्या माणसाचा ‘बलून फाइट’ हमखास असे. त्याचा कोड इवाता यांचा. त्या पिढीतील अनेकांना हे २०१५ च्या मृत्युलेखांतून प्रथमच कळले. भारतात डिसेंबर २०१६ मध्ये अधिकृतपणे आलेला ‘पोकेमॉन गो’ हा मोबाइल गेमही इवाता आणि पोकेमॉन कंपनीचे अध्यक्ष त्सुनेकाझू इशिहारा यांच्या बोलण्यातून सुरू झालेला प्रकल्प होता. सप्टेंबर २०१५ मध्ये तो जाहीर करताना इशिहारा यांनी दोन महिन्यांपूर्वी गेलेल्या मित्राची आठवण काढली होती.